रविवारी गोधड्या धुवायच्या का? सप्टेंबर-ऑक्टोबरचं विकेंड हवामान स्वतः कसं बघायचं

पितृपक्ष अर्ध्यावर आला की आमच्या घरी दरवर्षी हा प्रश्न येतोच. आई पोळ्या लाटता लाटता विचारते, "अरे बघ ना त्या मोबाईलवर, रविवारी गोधड्या काढू का?" घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे हा नियम, आणि गोधडी म्हणजे काही बेडशीट नाही, एकदा भिजली की दोन जणांनी पिळावी लागते आणि दोन चांगली उन्हं मिळाली नाहीत तर आतून कुबट वास मारायला लागते तो पुढे आठवडाभर जात नाही.

आता माझी चूक आधीच सांगून टाकतो. मागे एकदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी मोबाईलवर बघितलं, शनिवार सूर्य, रविवार सूर्य, दोन्ही पिवळे धमक. आईला म्हटलं काढ. शनिवारी सकाळी चार गोधड्या गच्चीवर गेल्या, दुपारी कडक ऊन, मी जेवून आडवा झालो आणि पावणेपाचला जो काही पाऊस आला तो वीस मिनिटंच होता पण वीस मिनिटांत गोधड्या पुन्हा सकाळसारख्या. गंमत म्हणजे कोथरूडला बहिणीकडे एक थेंब नाही, आम्ही धायरीला आणि ती कोथरूडला, अंतर असेल सात-आठ किलोमीटर. ॲप तसं खोटं बोललं नव्हतं, शहरात बऱ्याच ठिकाणी खरंच कोरडं होतं. आमच्या गच्चीवर नव्हतं एवढंच. तेव्हापासून मी हे सगळं नीट बघायला लागलो आणि आता जी पद्धत बसलीये ती खाली सांगतोय. मी हवामानखात्यातला नाही, पण आईच्या गोधड्या तेव्हापासून भिजलेल्या नाहीत. उदाहरणं पुण्याची आहेत कारण मी इथला, पण सातारा, नगर, नाशिक, सांगली, कोल्हापूर, म्हणजे घाटाच्या अलीकडचा सगळा भाग यात येतो. मुंबई-कोकणाचं वेगळं आहे, ते शेवटाकडे थोडक्यात.

पहिली पायरी: आपण सीझनच्या कुठल्या टप्प्यात आहोत ते बघा

हे कोणी बघत नाही आणि सगळा घोळ इथेच होतो. सप्टेंबरच्या मध्यात बातमी येते "मान्सूनचा परतीचा प्रवास सुरू", आणि आपल्याला वाटतं चला संपला पाऊस. तो सुरू होतो पश्चिम राजस्थानातून, सरासरी तारीख १७ सप्टेंबर. मुंबईतून तो निघायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, पुण्याचंही त्याच्या एखादा दिवस पुढेमागे. म्हणजे बातमी आणि आपली गच्ची यात तीन आठवड्यांचं अंतर आहे. २०२५ चं बघा, परतीचा प्रवास १४ सप्टेंबरलाच सुरू झाला, तीन दिवस लवकर, आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सोलापूर-मराठवाड्यात सीना नदीला पूर येऊन गावं पाण्यात होती. उलट २०१९ ला परतीला सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली. आणि त्याच्या आधी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला जो पूर आला तो पुणेकर विसरणार नाहीत.

मान्सून गेला हे खातं कशावरून ठरवतं ते माहीत असलं की आपल्यालाही कळतं. राजस्थानच्या बाजूला सलग पाच दिवस पाऊस नाही, खालच्या थरात वारे उलटे फिरून तिथे उच्च दाबाचं क्षेत्र बसलंय, आणि हवेतली वाफ बरीच कमी झालीये असं उपग्रहाच्या चित्रात दिसतंय. पाऊस थांबणं, वारा बदलणं, वाफ कमी होणं. नुसता पाऊस थांबला तर ती उघडीप झाली, तिला काही अर्थ नाही, तीनही झालं की खरं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत आपण फिरून फिरून हेच तीन बघणार आहोत.

आणि इथे एक आपल्याकडची गंमत. गोधड्या धुतो आपण तिथीवर आणि पाऊस चालतो सूर्यावर. २०२३ ला घटस्थापना होती १५ ऑक्टोबरला, २०२५ ला होती २२ सप्टेंबरला. म्हणजे एका वर्षी मान्सून जाऊन धुणं, दुसऱ्या वर्षी भर पावसाळ्यात धुणं, पण नियम एकच. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्याची असल्यामुळे इंग्रजी तारखेला चिकटून असतात. उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास लागतं, हस्त २७ च्या आसपास, चित्रा १० ऑक्टोबर, स्वाती २४ ऑक्टोबर. आजी म्हणायची हत्ती पडला तर भिंती पाडतो, आणि भोंडल्याला पाटावर मधोमध जो हत्ती काढतात तो याच हस्ताचा. तर माझा साधा हिशोब असा आहे: हस्त संपायच्या आत, म्हणजे साधारण १० ऑक्टोबरच्या आत, कुठलाही विकेंड कोरडा धरून चालायचा नाही, तो तपासायचा. चित्रा लागल्यावर बहुतेक वेळा कोरडा धरायचा आणि फक्त बंगालच्या उपसागराकडे एक डोळा ठेवायचा.

दुसरी पायरी, बुधवार: बंगालचा उपसागर

विकेंड पुण्यात आहे आणि बघायचं विशाखापट्टणमकडे, ऐकायला विचित्र वाटतं. पण या दिवसांत आपल्याकडे जो मोठा, दिवसभराचा, झड लागल्यासारखा पाऊस येतो तो बहुतेक वेळा तिकडच्या कमी दाबाच्या पट्ट्यातून येतो. तो आंध्र-ओडिशा किनाऱ्यावर चढतो, तेलंगण-विदर्भ किंवा कर्नाटकमार्गे दोन-तीन दिवसांत आपल्याकडे सरकतो. २०२० ला असंच झालं, १३ ऑक्टोबरला आंध्रात काकीनाड्याजवळ डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं जोर धरलेलं क्षेत्र, किनाऱ्यावर आलं आणि १४ ला संध्याकाळी-रात्री पुण्यात रस्त्यांचे ओढे झाले, सोलापूर-पंढरपूरलाही तेच. म्हणजे एक दिवस आधी ते काकीनाड्याला उभं होतं, बघणाऱ्याला दिसत होतं.

म्हणून बुधवारी संध्याकाळी पाच मिनिटं काढा. हवामानखात्याच्या साइटवर इन्सॅटची उपग्रह चित्रं असतात, ती उघडा आणि उपसागरात पांढरा गोळा फिरतोय का बघा. मग विंडीसारख्या कुठल्याही साइटवर वारा लावा आणि शनिवारपर्यंत पुढे सरकवा. तिथे अंदाज काढणारी दोन मोठी संगणकी मॉडेलं असतात, युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस. दोन्ही शनिवारी गोळा एकाच जागी दाखवत असतील तर गंभीरपणे घ्या. एक म्हणतंय सोलापूर, दुसरं म्हणतंय नागपूर, असं असेल तर अजून कोणालाच माहीत नाही असं समजा आणि शुक्रवारपर्यंत थांबा. एक डोकेदुखी म्हणजे या चार्टांवर वेळ कधीकधी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, किंवा ००झेड, १२झेड असं लिहिलेलं असतं, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ००झेड म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, १२झेड म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. मी सुरुवातीला कितीतरी वेळा दुपारचा पाऊस सकाळचा समजून बसलोय.

उपसागर शांत असेल तर अर्धं काम झालं. आता दिवसभराचा पाऊस येणार नाही, उरला फक्त दुपारचा गडगडाटी.

तिसरी पायरी, गुरुवार: खात्याचं बुलेटिन, आणि त्यातले शब्द

कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज मराठीतही असतो. टीव्हीवर किंवा फॉरवर्डमध्ये आलेला नको, मूळ बघा, कारण फॉरवर्डमध्ये "मध्य महाराष्ट्रात पाऊस" एवढंच उरतं आणि मध्य महाराष्ट्र म्हणजे जळगावपासून कोल्हापूरपर्यंत सगळं, त्यावरून गोधडी वाळणार का हे कसं कळणार. जिल्ह्याच्या ओळीला जा, आणि पुण्याचा घाटमाथा वेगळा दिलेला असेल तर तो वेगळा वाचा.

आता यातले शब्द. "एक-दोन ठिकाणी" किंवा "तुरळक ठिकाणी" हे आपण मराठीत जसं सहज म्हणतो तसं नाहीये, त्याला माप आहे. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५०. बऱ्याच ठिकाणी म्हणजे ५१ ते ७५, आणि बहुतांश ठिकाणी म्हणजे त्याच्याही वर. म्हणजे "तुरळक" वाचून चारातला एक धरा. क्रिकेट खेळायला जाणाऱ्यासाठी चारातला एक म्हणजे मस्त, जाऊ दे. ज्याचं सोयाबीन कापून शेतात पसरलंय त्याच्यासाठी चारातला एक म्हणजे ताडपत्री.

तसंच "हलका पाऊस". खात्याच्या भाषेत हलका म्हणजे २.५ पासून १५.५ मिमीपर्यंत. मध्यम १५.६ ते ६४.४, आणि ६४.५ च्या पुढे मुसळधार. आता गोधडीचा हिशोब करा. एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गोधडी साधारण दोन मीटर बाय दीड मीटर, म्हणजे तीन चौरस मीटर. दहा मिमी "हलका" पाऊस तिच्यावर तीस लिटर पाणी ओततो. दोन बादल्या! हे आईला सांगितल्यापासून ती "हलका" शब्द ऐकला की गोधड्यांना हातच लावत नाही.

रंगांचं थोडक्यात: हिरवा काही नाही, पिवळा लक्ष ठेवा, नारंगी तयारीत राहा, लाल म्हणजे बाकी सगळं सोडा. ऑक्टोबरमध्ये पिवळा बहुतेक वेळा विजांसाठी असतो, पावसाच्या मापासाठी नाही, तेव्हा पिवळ्याच्या खाली कारण काय लिहिलंय ते वाचा.

चौथी पायरी, शुक्रवार रात्र: दवबिंदू आणि वारा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आणि खरं सांगायचं तर बाकीच्या सगळ्या सोडल्या तरी ही एक पुरते. सगळे बघतात आर्द्रता किती टक्के. तो आकडा फसवा आहे. समजा हवेत वाफ तेवढीच आहे, बदललीच नाही. सकाळी सहाला तापमान १९ असताना आर्द्रता नव्वदच्या वर दाखवेल आणि दुपारी ३१ ला तीच हवा ४५-४६ टक्के दाखवेल. सकाळी बघितलं तर वाटतं बापरे किती दमट, दुपारी बघितलं तर वाटतं कोरडं आहे, आणि हवा तीच.

त्यापेक्षा दवबिंदू बघा. बऱ्याच ॲपमध्ये खाली कुठेतरी तपशिलात असतो. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की दव पडायला लागेल तो हा आकडा, आणि तो थेट हवेतली वाफ सांगतो, सकाळ-दुपारच्या खेळात फारसा अडकत नाही. पुण्यात पावसाळ्यात तो २१-२२ असतो. माझी ठोकताळ्याची पट्टी अशी: २० च्या वर असेल तर अजून पावसाळा आहे, कोणी काहीही म्हणो, कपडे वाळणार नाहीत आणि दुपारी गडगडायला भरपूर इंधन आहे. १८ ते २० म्हणजे कुंपणावर, आकाश बघून ठरवायचं. १८ च्या खाली गेला आणि दोन दिवस खाली राहिला की गोधड्या काढा. १५ च्या आसपास आला की समजा ऑक्टोबर हीट संपत आली, आता पहाटे पंखा बंद करावा लागेल.

सोबत वारा. जूनपासून आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, अरबी समुद्राची ओल घेऊन. तो पडतो, मग एक-दोन आठवडे धड कुठूनच येत नाही, आणि मग उत्तर-ईशान्य-पूर्व असा फिरतो. हा मधला वारा पडलेला काळ म्हणजेच ऑक्टोबर हीटचा जीव नकोसा करणारा भाग, आकाश निरभ्र, जमीन अजून ओली, ऊन तळपतंय आणि पान हलत नाही. विंडीवर उंची १५०० मीटर लावून बघा, जमिनीजवळ इमारतींमुळे काही कळत नाही. १५०० मीटर म्हणजे सिंहगडाच्या जरा वरची हवा. तिथे वारा पूर्वेकडून यायला लागला आणि दवबिंदूही पडला की झालं. मोबाईल नको असेल तर सकाळी उदबत्ती गच्चीवर नेऊन बघा, किंवा देवळाचा ध्वज. आमच्या इथे शेकोटीचा धूर सिंहगडाकडे जायला लागला की आई म्हणते वारं फिरलं, ती विंडी बघत नाही.

सिंहगडवाल्यांसाठी एक जादूचा आकडा. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा, साधारण तेवढ्या मीटर उंचीवर कापसासारख्या ढगांचा तळ असतो. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर, सिंहगड १३०० च्या थोडा वर, म्हणजे गड आपल्या डोक्यावर सुमारे ७५० मीटर. तापमान २४, दवबिंदू २०, फरक चार, चार गुणिले १२५ म्हणजे ५००. ढग ५०० वर, गड ७५० वर, गड धुक्यात. वरून काही दिसणार नाही पण कांदाभजी झकास लागेल. आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ३२ आणि १५ असेल तर फरक १७, तळ २१०० च्या वर, पुरंदर-राजगड-तोरणा सगळं लख्ख. फरक सहाच्या वर असला की गड मोकळा, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं. दुपारच्या कापसाच्या ढगांना हे चांगलं लागू पडतं, पहाटेच्या धुक्याला तेवढं नाही.

पाचवी पायरी, शनिवार: आता मोबाईल खिशात, गच्चीवर या

दोन दिवस आधीचं गणित कितीही केलं तरी गडगडाटी पाऊस तुमच्या गल्लीत पडणार का पलीकडच्या हे कोणतंही मॉडेल शुक्रवारी सांगू शकत नाही. युरोपच्या मॉडेलचा एक चौकोन साधारण नऊ किलोमीटरचा, जीएफएसचा त्याहून मोठा. आमची धायरी आणि बहिणीचं कोथरूड त्या चौकोनात एकच गाव आहे. हा पाऊस पाच-सहा किलोमीटर रुंदीच्या ढगातून पडतो. तेव्हा शनिवारी आकाशच वाचायचं, आणि ते वाचता येतं.

सकाळी सात. निरभ्र, गवतावर दव, मुठेच्या पात्रावर धुक्याचा पांढरा पट्टा अडकलेला. हे चांगलं चिन्ह, रात्रभर आकाश उघडं होतं. पण सकाळी सातलाच वर पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ पूर्वेकडून दाट होत येत असतील तर तिकडे कुठेतरी मोठं काहीतरी चाललंय, बुधवारचा गोळा पुन्हा तपासा.

अकरा वाजता पहिले छोटे कापसाचे पुंजके येतात. येऊ द्या, घाबरू नका, ते येणारच. खरी परीक्षा एक वाजता. एक वाजता ते पुंजके आडवे, चपटे, पापडासारखे राहिले असतील तर वर कोरड्या हवेचं झाकण बसलंय, दिवस गेला चांगला. तेच पुंजके उभे वाढायला लागले असतील, कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या टणक आणि ठळक दिसत असतील, रुंदीपेक्षा उंची जास्त झाली असेल, तर तीन वाजता त्यातला एखादा वर जाऊन ऐरणीसारखा पसरणार. आणि चार ते सातमध्ये कोणाच्या तरी डोक्यावर रिकामा होणार.

कोणाच्या, ते दिशेवरून. पावसाळ्यात आपल्याला सवय असते पश्चिमेकडे बघायची, मुळशी-ताम्हिणी काळं झालं की छत्री काढायची. ऑक्टोबरमध्ये उलट. वरचा वारा पूर्वेचा झालेला असतो, ढग सासवड, उंड्री, दौंड बाजूने वाढत येतात. मी त्या दिवशी पश्चिमेकडे बघून झोपलो होतो, तिकडे निळं होतं, आणि पाऊस आला पूर्वेच्या दिवे घाटाकडून. आता दोन वाजता मी पूर्वेच्या कठड्याला जातो. विंडीवर ३००० मीटरचा वारा बघितला की ढग साधारण कुठून कुठे सरकतील हेही कळतं.

मग शेवटचे दोन इशारे. तीन-तीन तासांसाठी खातं जिल्ह्याचा तात्काळ अंदाज देतं, नाऊकास्ट म्हणतात, तो दुपारी दोन नंतर बघण्यात अर्थ आहे. आणि मुंबईच्या डॉप्लर रडारचं चित्र, त्यात पिवळे-लाल ठिपके दिसले तर दोन चित्रांमध्ये ठिपका किती सरकला ते बघा, तुमच्याकडे येतोय का लांब जातोय ते कळेल. सह्याद्रीच्या पलीकडून बघत असल्यामुळे खालचं सगळं त्याला दिसतंच असं नाही, पण उंच ढग दिसतात. आणि रडार वगैरे सगळं सोडा, भर उकाड्यात एकदम गार झुळूक आली, मातीचा वास आला आणि झाडांची पानं उलटी पांढरी दिसायला लागली की पाच-दहा मिनिटं आहेत हातात. पळा. चार गोधड्या दोघांनी काढायला सहा मिनिटं लागतात, मी मोजलीयेत.

सहावी पायरी: काम काय आहे त्यावर ठरवा

गोधड्या: दोन दिवस लागतात, म्हणून शनिवारी सकाळी आठच्या आत भिजवून दहाच्या आत दोरीवर, रविवार राखीव. महत्त्वाचं म्हणजे शनिवारी पाच वाजता, सूर्य मावळायच्या आधी, अर्धवट वाळल्या असतील तरी आत घ्या आणि खुर्च्यांवर पसरा. रात्रीचं किमान तापमान आणि दवबिंदू एकाच आकड्यावर असतील, दोन्ही १८ वगैरे, तर पहाटे दव पडणारच, आणि दिवसभर वाळवलेलं रात्री परत ओलं होतं. हे मला आधी कळायचं नाही, वाटायचं पाऊस नाही ना, राहू दे.

ट्रेक: या सीझनमध्ये पावसापेक्षा उन्हाचा त्रास जास्त. लोक सप्टेंबरच्या हिरवाईच्या रील बघून निघतात आणि ऑक्टोबरमध्ये अकरा वाजता राजगडाच्या चढावर चक्कर येऊन बसतात. उंचीने दिलासा मिळतो, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, म्हणजे सिंहगडावर पुण्यापेक्षा पाचेक अंश कमी, पण चढ उन्हातच असतो. माणशी तीन लिटर पाणी, पहाटे पाच-साडेपाचला पायथ्याला, अकरापर्यंत उतरायला सुरुवात. दगडावर शेवाळ वाळून वाट चकाकते ती निसरडी आणि मोकळी झालेली माती घसाऱ्याची, पावसाळ्यातले झिजलेले बूट अजिबात नको. ऑक्टोबरच्या मध्यात सव्वासहाच्या आत सूर्य मावळतो, जूनची सवय राहिली असेल तर उतरताना अंधार गाठतो.

कास: फुलं ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पठार १२०० मीटरवर, साताऱ्यात लख्ख ऊन असताना वर ढग असू शकतो, तो १२५ चा हिशोब तिथेही करा. कोरडा सप्टेंबर गेला तर फुलं लवकर आटपतात, म्हणून अशा वर्षी शेवटच्या विकेंडची वाट बघू नका. बुकिंग आधी करा.

शेत: सोयाबीनची काढणी, नाशिककडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, यांच्यासाठी विकेंड वगैरे काही नसतं आणि एका पावसाची किंमत माझ्या गोधडीच्या कितीतरी पट. तिथे "तुरळक" शब्द दिसला तरी कापलेलं झाकायचं, आणि बुधवारची पायरी रोज करायची. रब्बी ज्वारीवाले उलट याच पावसाची वाट बघत असतात. पडल्या स्वाती तर पिकतील मोती, असं उगाच म्हणत नाहीत.

कोजागिरी: गच्चीवर दूध आटवायचं असेल तर पाऊस बहुतेक आडवा येत नाही. आली संध्याकाळी सर तरी रात्री दहापर्यंत ढग विरघळतात, कारण त्यांना लागणारं ऊनच नसतं. चटया प्लास्टिकवर घाला, दव खालून लागतं.

मुंबईकरांसाठी: तुमच्याकडे सगळा खेळ खाऱ्या वाऱ्याचा. सकाळी वारा जमिनीकडून, पूर्वेकडून. दुपारी समुद्राकडून फिरतो. तो अकराला फिरला तर दिवस सुसह्य, दीड-दोन वाजेपर्यंत फिरलाच नाही तर पारा ३५ च्या पुढे. म्हणून रविवारचं बाहेरचं काम ठरवताना ॲपमध्ये तासावारी वाऱ्याची दिशा बघा, तापमान नंतर. कोकण-गोव्यात संध्याकाळी घाटाच्या बाजूने गडगडत खाली येतं, तेव्हा परतीचा घाट चारच्या आत.

विजेचं वेगळं सांगतो कारण हा चेष्टेचा विषय नाही. ऑक्टोबरचा पाऊस थोडा असतो पण वीज जास्त असते. पुण्याच्याच आयआयटीएम या संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं, फुकट आहे, घ्या. वीज चमकली की मोजायला लागा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पक्क्या घरात किंवा गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. गडावर असाल तर बुरुज, ध्वजाचा खांब, लोखंडी रेलिंग आणि एकटं झाड या चारांपासून लांब. झाडाखाली थांबायची आपली सवय सगळ्यात वाईट.

शेवटची पायरी, सोमवार

भिंतीवरच्या कॅलेंडरवरच दोन आकडे लिहायचे, शुक्रवारचा दवबिंदू आणि पाऊस आला का, हो-नाही. आकडे घेताना एक भानगड लक्षात ठेवा. खातं पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतं. शनिवारी संध्याकाळी पडलेला पाऊस रविवारच्या तारखेला दिसतो. मी एकदा आईशी वाद घातला होता की शनिवारी पाऊस झालाच नाही, हा बघ आकडा शून्य, आणि ती ओल्या गोधडीकडे बोट दाखवत होती. शिवाय बातमीत पुण्याचा म्हणून येतो तो आकडा शिवाजीनगरचा, म्हणजे सिमला ऑफिसचा. १९२८ ला खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून त्या चौकाला अजून ते नाव आहे. तिथला पारा आणि मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्कचा पारा यात पहाटे काही अंशांचा फरक असतो, तेव्हा आपल्या घराजवळचं केंद्र निवडा, पाषाण, लोहगाव, चिंचवड जे जवळ असेल ते, आणि त्याचाच आकडा दरवेळी लिहा.

आमच्या कॅलेंडरवर तीन सीझनचे असे आकडे झालेत. धायरीसाठी माझी १८ ची रेघ त्यातूनच आली, आधी मी २० धरायचो. तुमच्या गच्चीची रेघ १७ निघेल किंवा १९, नदीकाठी असाल तर अजून वेगळी. या शुक्रवारी दवबिंदू १९ होता, वारा अजून वायव्येचा. आईला म्हटलं फक्त उशांचे अभ्रे धू, गोधड्या पुढच्या रविवारी.